शेजारच्या दादांना अचानक ब्रेन हॅमरेज झालंय, वहिनींच्या पाठीशी नेमकं कसं उभं राहायचं?

समोरचा_दरवाजा
रविवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितीये, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सिंहगड रोडला आनंदनगरच्या पुढे राहतो, जुनी सोसायटी, चोवीस फ्लॅट, सगळे सगळ्यांना ओळखतात. मंगळवारी संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले दादा, वय ४६, कामावरून येऊन चहा घेत होते आणि हातातून कप सुटला. वहिनींना वाटलं शुगर कमी झाली असेल म्हणून साखरपाणी पाजायला गेल्या तर ते तोंडाच्या एका बाजूने ओघळलं, उजवा हात उचलेना, जीभ जड, मग उलटी. माझ्या मिस्टरांनी १०८ ला फोन लावला, गाडी आली, पण संध्याकाळची वेळ आणि सिंहगड रोड, राजाराम पुलाच्या चौकातली ती मिनिटं मी विसरणार नाही. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव निघाला. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी दोनतीन महिन्यांपासून बंद केली होती. त्याच रात्री ऑपरेशन झालं, डोक्याच्या हाडाचा तुकडा काढून ठेवलाय, आज सहावा दिवस, अजून व्हेंटिलेटरवर आहेत. काल डॉक्टर म्हणाले की गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागेल बहुतेक, तेव्हापासून वहिनी बोलेनाशाच झाल्यात.

घरी दादांची आई आहेत, ७८ वर्षांच्या. मुलगी दहावीला, बोर्ड महिन्यावर आलंय. धाकटा दुसरीत, तो सध्या आमच्याकडेच झोपतो. वहिनी घरी ब्लाउज शिवतात, दादा एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. कंपनीचा मेडिक्लेम तीन लाखांचा आणि हॉस्पिटलने अंदाज सांगितलाय सात ते आठ.

पहिले तीन दिवस अख्खी सोसायटी हॉस्पिटलच्या खाली उभी होती. गुरुवारी एका वेळी पाच डबे आले, काल एकही नाही आला आणि वहिनी नुसत्या बिस्किटावर होत्या हे मला रात्री कळलं. एकाने चांगल्या मनानेच पण आयसीयूच्या काचेतून काढलेला फोटो ग्रुपवर टाकला मदतीच्या आवाहनासाठी, तो मुलीने पाहिला. ती कालपासून माझ्याशीही बोलत नाहीये. वहिनी मानी आहेत, काही विचारलं की "नको, होतंय सगळं" एवढंच. आणि आजींना सगळ्यांनी सांगून ठेवलंय की तापासाठी ॲडमिट केलंय. त्या रोज दारात उभ्या राहून मला विचारतात "उतरला का गं ताप", मला त्यांच्याकडे बघवत नाही.

तर पैशाचं कसं करायचं की त्यांना अपमान वाटणार नाही, आजींना सांगावं का, मुलीचं काय करावं, आणि आम्ही काय काय करू नये हेही सांगा. ज्यांच्यावर वेळ आलीये त्यांनी जरूर लिहा.


पेठेतली_सून
रविवार, रात्री ११.५२

ताई, माझ्यावर आलीये. २०१९, माझे मिस्टर, ३१ दिवस हॉस्पिटल, त्यातले १७ आयसीयू. आज ते चालतात, काठी घेऊन पण चालतात. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाहीये, तुमच्या वहिनींनाही म्हणू नका. मला त्या दिवसांत सगळ्यात जास्त त्रास कशाने झाला असेल तर "आमच्या ओळखीत एकाला अगदी असंच झालं होतं" या वाक्याने, त्यातला माणूस बरा झालेला असो की गेलेला, दोन्ही ऐकवत नाही.

आमच्याकडे पण तुम्ही लिहिलंय तसंच, पहिले तीन दिवस गर्दी आणि बाराव्या दिवशी मी एकटी. लोक वाईट नव्हते, त्यांना वाटलं आता स्थिर आहे. पण ज्यांची नावं मी मरेपर्यंत विसरणार नाही त्यांनी काय केलं ते सांगते. आमच्या वाड्यात कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी तासभर यायचं, खालचे एक काका रोज वर येऊन माझा माठ, पिंप, बादल्या भरून जायचे, काही न बोलता, महिनाभर. मी रात्री घरी येऊन नळाखाली तांब्या धरला आणि पाणी आहे हे बघूनच रडले होते एकदा. एका मैत्रिणीने माझ्याकडून गॅसचं पुस्तक, लाइट बिल, मुलाच्या शाळेची डायरी मागून नेली आणि सांगितलं की हे तीन आता माझ्याकडे, तू विसरून जा. तिने मला काय हवंय ते विचारलंच नाही, कारण विचारलं असतं तर मी पण "नको" च म्हणाले असते. वहिनी मानी आहेत म्हणता ना, मग एकेकाने एकेक काम उचला आणि ते शेवटपर्यंत त्याचंच. धाकट्याला शाळेत सोडणं तुमचं, आजींचं जेवण आणि गोळ्या वरच्या मजल्याचं, असं. आणि आजपासून महिन्याने कोण असेल त्याची यादी आत्ताच करा, या आठवड्यात माणसं आहेतच.

डब्याचं: एका दिवसाला एकच घर. साधी पोळीभाजी, वरणभात, जास्त तिखट नको कारण जागरणाने पित्त होतं, आणि टाकून देता येईल अशा डब्यात द्या म्हणजे कोणाचा डबा कोणाला परत करायचा ही चिंता त्यांना नको. आता थंडी आहे, त्या वेटिंगमधल्या लोखंडी खुर्च्यांवर रात्री गारठायला होतं, शाल, कानटोपी, पायमोजे, लांब वायरचा चार्जर द्या. आणि एक रात्र, निदान एक दिवसाआड, त्यांना घरी पाठ टेकवायला मिळू दे. त्या जाणार नाहीत. तुम्ही किंवा त्यांच्या माहेरचं कोणी तिथे रात्रभर बसलं आणि "काही झालं तर पाच मिनिटांत फोन करते" असं डोळ्यात बघून सांगितलं तरच जातील.

पैशाचं, आमच्या बायकांची भिशी होती. त्या महिन्यात नंबर माझा नव्हता, सगळ्यांनी मिळून मला दिला. मी पुढे हप्ते भरलेच, म्हणजे घेतलेले पैसे माझेच होते, मान खाली गेली नाही. सोसायटीत भिशी असेल तर बघा. वर्गणी काढणार असाल तर नावापुढे आकडा लिहिलेली यादी ग्रुपवर फिरवू नका, हात जोडून सांगते. पुढे भाजी घेताना प्रत्येक माणूस दिसला की तो आकडा डोळ्यापुढे येतो.

अजून एक, दादांचा मोबाइल चार्ज ठेवा आणि रिचार्ज संपू देऊ नका. पॉलिसी, बँक, पीएफ सगळ्याचे ओटीपी त्यावर येतात, आमचा फोन चार दिवस बंद पडून होता आणि तेवढ्यासाठी क्लेम अडकला. घराचा हप्ता असेल तर तो बाउन्स व्हायच्या आधी बँकेत जाऊन सांगा. कंपनीच्या एचआरशी बोलायला तुमच्या मिस्टरांसारखं कोणीतरी सोबत जा, आजारपणासाठी पीएफमधून ॲडव्हान्स काढता येतो.


सातव्या_मजल्यावरचा
सोमवार, सकाळी ७.०५

तो फोटो आजच्या आज काढायला लावा, आणि जिथे जिथे फॉरवर्ड झाला तिथे निरोप द्या. मग मुलीची माफी मागा, ज्यांनी टाकला त्यांनी स्वतः.


समाजसेवा_विभाग
सोमवार, दुपारी २.१५

मी पुण्यातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे, अकरा वर्षं. पैशाबद्दल लिहितो कारण त्यात उशीर फार महाग पडतो. लोक माझ्याकडे डिस्चार्जच्या दिवशी येतात हातात बिल घेऊन, तेव्हा माझे अर्धे रस्ते बंद झालेले असतात. तुम्ही सहाव्या दिवशी विचारताय, अजून वेळ आहे.

आधी हे शोधा की दादा आहेत ते हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का. असेल तर तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, काउंटर असतं. २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, "आम्ही गरीब नाही, आम्हाला कुठे मिळणार" असं समजून लोक विचारतच नाहीत. योजना ठरावीक उपचारांनाच आहे आणि सुरुवातीचा खर्च त्यात बसेल का हे आरोग्यमित्रच सांगेल, पण रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच जा. १५५३८८ वर फोन करूनही कळतं.

हॉस्पिटल ट्रस्टचं असेल तर धर्मादाय योजना बघा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने आलेली ही योजना आहे, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाचं उत्पन्न दुसऱ्या मर्यादेत बसू शकतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्याला वेळ लागतो, सोसायटीतल्या एका माणसाने फक्त हेच काम अंगावर घ्यावं, वहिनींना रांगेत उभं करू नका. मुख्यमंत्री सहायता निधीला मर्यादा अजून खाली आहे, १ लाख ६० हजार, तिथे बसत असाल तर हॉस्पिटलचं अंदाजपत्रक जोडून उपचार चालू असतानाच अर्ज करा, पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात.

मेडिक्लेमची पॉलिसी एकाने बसून पूर्ण वाचा, रूम रेंटची मर्यादा कुठे लिहिलीये ते. आयसीयूतून बाहेर आल्यावर त्या मर्यादेपेक्षा भारी रूम घेतली तर नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांच्या फीपासून बरंच काही त्या प्रमाणात कापलं जातं. कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असा २०२४ पासून नियम आहे, ताटकळत ठेवलं तर तो दाखवा. रोजचं अंतरिम बिल मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. औषधं आतल्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नाही. आणि बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही, २०२१ साली राज्याच्या नर्सिंग होम नियमांत रुग्णहक्कांची सनद आली, तिची प्रत हॉस्पिटलमध्ये लावलेली असायला हवी.

भिशीचा तोडगा मला फार आवडला. वर्गणी जमली तर बिलिंग काउंटरला दादांच्या नोंदणी क्रमांकावर थेट भरा आणि पावती वहिनींकडे द्या, फक्त आधी त्यांना विचारून. परस्पर भरलेले पैसे पण माणसाला टोचतात.


समोरचा_दरवाजा
सोमवार, दुपारी ३.४०

किती उपकार मानू. मिस्टर आत्ता रेशनकार्ड घेऊन निघाले. फोटो काढला. गळ्याच्या नळीबद्दल कोणी सांगेल का, वहिनींना वाटतंय की ही शेवटची पायरी आहे, म्हणजे आता आशा सोडली म्हणून करतायत. डॉक्टर दोन मिनिटं भेटतात आणि आम्हाला काही सुचत नाही विचारायला.


रात्रपाळी
मंगळवार, पहाटे ४.३०

न्यूरो आयसीयूत सिस्टर आहे, ब्रेकमध्ये लिहितीये. ताई, वहिनींना माझ्याकडून सांगा की ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छिद्र पाडून घातलेली नळी) म्हणजे आशा सोडणं नाही. तोंडातून घातलेली नळी आठवडा दोन आठवड्यांच्या पुढे ठेवली तर घशाला इजा होते, तोंड नीट स्वच्छ करता येत नाही, पेशंटला झोपेच्या औषधावर ठेवावं लागतं. गळ्यातून नळी घातली की व्हेंटिलेटर हळूहळू कमी करून बघणं सोपं जातं. पुढे गरज संपली की नळी काढतात आणि भोक बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. एक मात्र आधीच सांगून ठेवा, शुद्धीवर आले तरी सुरुवातीला आवाज येणार नाही, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत पोचतच नाही, वाचा गेली असं समजून घाबरू नका. हाडाचा तुकडा पण तसाच, मेंदूला सूज येते तिला जागा मिळावी म्हणून काढतात, नंतर बसवतात.

दादा पुढे कितपत बरे होतील हे मी सांगू शकत नाही, त्यांचे डॉक्टरही इतक्या लवकर सांगू शकणार नाहीत. "कधी शुद्धीवर येतील" च्या ऐवजी "कालपेक्षा आज काय वेगळं आहे, पुढच्या दोन दिवसांत तुम्ही कशाची वाट बघताय, कशाची भीती आहे" असं विचारा, उत्तर मिळतं. भेटीला दोघं जा, एकाने बोलायचं एकाने वहीत लिहायचं, आणि रोज तीच दोघं. वेगवेगळे दहा नातेवाईक येऊन विचारतात तेव्हा प्रत्येकाला थोडं वेगळं कळतं आणि घरी गोंधळ होतो. शंका असेल तर सीटीची सीडी आणि रिपोर्टची कॉपी घेऊन दुसऱ्या न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवता येतं, पेशंटला हलवावं लागत नाही.

जागे व्हायला लागले की काही दिवस भलतंच करतील कदाचित, नळ्या ओढतील, माणसं ओळखणार नाहीत, भिंतीवर काही दिसतंय म्हणून खुणा करतील. याला डिलिरियम म्हणतात, आयसीयूत खूप जणांना होतं आणि बहुतेकांचं जातं. घरच्यांना वाटतं वेड लागलं. चष्मा लावत असतील तर तो आणून द्या, आज वार कुठला, सकाळ आहे का रात्र हे सांगत राहा. बेशुद्ध दिसत असले तरी बोला. ओळखीचा आवाज आम्ही फोनवर लावतो कानाशी.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं एकही दिसलं तर पाणीसुद्धा पाजू नका, श्वासात जातं. वहिनींना हे आत्ता सांगू नका. घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा. गुठळीचा झटका असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि गुठळी की रक्तस्राव हे सीटी केल्याशिवाय कोणालाच बाहेरून कळत नाही.


दहावी_२०११
मंगळवार, सकाळी १०.१०

ती मुलगी मी होते. माझे बाबा जानेवारीत ॲडमिट झाले आणि मार्चमध्ये माझी परीक्षा. येणारा प्रत्येक जण डोक्यावरून हात फिरवून म्हणायचा, आता तूच मोठी, आईला सांभाळ. मी पंधरा वर्षांची होते, मला भूमितीची प्रमेयं पाठ होत नव्हती आणि मी आईला सांभाळायचं होतं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

तिला खरं सांगा, आईच्या तोंडून कळलं तर उत्तम. रोज एक वेळ ठरवा, रात्री आठ म्हणा, त्या वेळी आजचं जे काय असेल ते तिला कळणार. मग दिवसभर फोन वाजला की छातीत धस्स होत नाही. अभ्यासाला तिला दुसऱ्या घरात एक टेबल द्या, जिथे कोणी भेटायला येणार नाही, आणि अभ्यास झाला का विचारू नका. आत्ताच शाळेत क्लासटीचरना भेटा, तोंडी आणि प्रात्यक्षिकाच्या तारखा शाळा सांभाळून घेऊ शकते. लेखी परीक्षेला रोज सेंटरवर कोण सोडणार आणि कोण आणणार ते ठरवून तिला सांगा, आमच्या समोरच्या काकूंनी मला सगळ्या पेपरांना स्कूटीवर नेलं आणि पेपर सुटेपर्यंत गेटबाहेर थांबल्या. एखादा विषय राहिलाच तरी पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जात नाही, हे तिला कोणीतरी आत्ताच मोठ्याने म्हणा.


वय_वर्षे_७१
मंगळवार, दुपारी १२.३०

आजींबद्दल. मी त्यांच्या वयाच्या जवळ आहे म्हणून लिहितो. तापाला आठवडा झाला, सून रात्री घरी नाही, नातू शेजारी झोपतो, त्यांना काही कळत नसेल असं कसं समजता. त्या तुम्हाला रोज ताप विचारतात कारण तेवढंच विचारायची परवानगी तुम्ही ठेवली आहे. त्यांना सांगा. सकाळी, पोटात काही गेल्यावर, त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांना आधी विचारून, जवळ बसून. मेंदूत रक्त आलं, ऑपरेशन झालं, अजून शुद्ध नाही, डॉक्टर प्रयत्न करतायत. एवढंच. विचारतील तेवढंच पुढे. माझ्या मुलाचं काही झालं आणि मला शेजाऱ्यांकडून चुकून कळलं तर मी कोणाला माफ करणार नाही.


पेठेतली_सून
मंगळवार, दुपारी १.०५

काकांशी सहमत आहे, फक्त वहिनींना विचारल्याशिवाय तुम्ही परस्पर सांगू नका. ते सांगायचा हक्क त्यांचा.


समोरचा_दरवाजा
पुढच्या आठवड्यात गुरुवार, रात्री ९.१०

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं, वेळच मिळाला नाही.

बुधवारी वहिनींनी आजींना सांगितलं, मी शेजारी बसले होते. आजी म्हणाल्या "मला माहितीये, त्याच्या चपला दारात नाहीत आणि कोणी त्याचं नाव काढत नाही." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतः उठून धाकट्याला वरणभात भरवला, इतके दिवस त्यांना कोणी काही करूच दिलं नव्हतं.

गळ्याची नळी शुक्रवारी टाकली. त्याआधी रात्रपाळी ताईंचं वहिनींना वाचून दाखवलं, शेवटचा परिच्छेद सोडून, त्यांनी सही केली. आता दिवसाचे काही तास व्हेंटिलेटर काढतात. डोळे उघडतात, डावा हात हलतो, उजवा नाही. आजींनी फोनवर दादांसाठी दोन मिनिटं बोलून ठेवलंय, सिस्टर रोज कानाशी लावतात, त्यांनी मला सांगितलं की यावरून लगेच काही ठरवू नका, मी नाही ठरवत.

हॉस्पिटल योजनेत आहे, दादांचं ऑपरेशन त्यात बसतंय का याचे कागद गेलेत, अजून मंजुरी नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तळमजल्यावरचे काका दोनदा जाऊन आले. भिशीचा नंबर वहिनींना दिला, त्यांनी घेतला. पहिल्यांदा कुठल्या गोष्टीला "नको" म्हणाल्या नाहीत. मुलगी दुपारी तिसऱ्या मजल्यावर अभ्यासाला जाते, रात्री आठला आई तिला फोन करते. फोटो टाकणारे गृहस्थ तिच्याकडे स्वतः गेले, आता तिला पेपरांना तेच सोडणार आहेत, तिनेच हो म्हटलंय.

फेब्रुवारी अखेरपर्यंतचं रात्रीचं वेळापत्रक लिफ्टच्या आत चिकटवलंय, नुसती फ्लॅटची नंबरं. घरी आणल्यावर कुशीवर वळवणं, नळीतून खाणं, फिजिओ या सगळ्याबद्दल परत विचारायला येईन, भाड्याचा फाउलर बेड (डोक्याकडून वर उचलता येणारा हॉस्पिटलचा पलंग) कुठे चांगला मिळतो ते कोणाला माहीत असेल तर लिहून ठेवा. आज १४ नंबरची म्हणजे माझी रात्र आहे, थर्मास भरलाय, निघते.